वाळवी आणि वास्तू

एका कौटुंबिक चित्रपटाची प्रस्तावना विमानाच्या अपघातापासून सुरू करावी, हे वरकरणी विक्षिप्तपणाचे वाटेल. परंतु ज्या चित्रपटाचा परिचय करून देण्याची कामगिरी चित्रपट मंडळातील स्नेह्यांनी मजवर सोपवली आहे, त्याचे नावच त्या अपघाताच्या अवशेषांतून उचललेले असल्यामुळे मला दुसरा मार्ग दिसत नाही. ९ फेब्रुवारी १९८२ रोजी सकाळी फुकुओकाहून टोकियोस आलेले जपान एअरलाइन्सचे एक विमान, हानेदा विमानतळाच्या अगदी उंबरठ्याशी पोहोचले असता, धावपट्टीस चाके टेकण्यापूर्वीच टोकियो उपसागराच्या उथळ पाण्यात कोसळले आणि २४ माणसे प्राणास मुकली. चौकशीअंती जे निष्पन्न झाले ते अपघाताहूनही भयंकर होते. विमान जमिनीवर उतरल्यानंतर त्याचा वेग मोडण्यासाठी इंजिनांचा झोत उलट दिशेस फिरवण्याची जी योजना असते, ती मुख्य वैमानिकाने विमान अधांतरी असतानाच अमलात आणली होती. त्याचे चित्त काही काळापासून ठिकाणावर नव्हते, आणि त्याच कारणास्तव पुढे त्याच्यावर खटलाही उभा राहिला नाही. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाने थांबण्याविषयी केलेली विनवणी वर्तमानपत्रांतून छापून आली, आणि 'ग्याकुफुन्शा', म्हणजे उलट झोत, हा यंत्रशास्त्रातला रुक्ष शब्द पाहता पाहता पोरासोरांच्या तोंडी चेष्टेचा विषय होऊन बसला. पापभीरू, वक्तशीर, वरिष्ठांच्या मर्जीतला एखादा पगारदार गृहस्थ एके दिवशी अकस्मात उलटा फिरला, की लोक त्याला तो शब्द लावू लागले.

दोनच वर्षांनी, १९८४ साली, सोगो इशिई नावाच्या सत्तावीस वर्षांच्या दिग्दर्शकाने आपल्या चित्रपटास 'ग्याकुफुन्शा काझोकु' असे नाव दिले. 'काझोकु' म्हणजे कुटुंब. परदेशांत हा चित्रपट 'द क्रेझी फॅमिली' या नावाने फिरला, आणि तेच नाव आता रूढ झाले आहे. परंतु 'वेडे कुटुंब' असे म्हटल्याने मूळ नावातला सगळा दंश निघून जातो, अशी माझी तक्रार आहे. वेडा मनुष्य काहीही करील. उलट झोत सोडणारा मनुष्य मात्र वेग आवरण्याचे, सर्वांना सुखरूप उतरवण्याचे जे शास्त्रशुद्ध साधन, तेच भलत्या वेळी वापरतो. आणि या चित्रपटातला बाप नेमके हेच करतो. तो कुटुंबाचा द्वेष करीत नाही, दारू पिऊन बायकोस मारीत नाही, घराबाहेर दुसरा संसार थाटीत नाही. तो आपल्या माणसांवर निरतिशय प्रेम करतो, आणि त्या प्रेमापायी त्यांना ठार मारण्याच्या निर्णयाप्रत येतो.

कथा सांगितल्याने रसभंग होईल अशा जातीचा हा चित्रपट नव्हे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. कोबायाशी नावाचे चौकोनी कुटुंब दाटीवाटीच्या बिऱ्हाडातून उपनगरातल्या नव्या, स्वतःच्या मालकीच्या घरात राहावयास येते. बापाची अशी श्रद्धा आहे, की आपल्या माणसांना शहरी जीवनाचा काहीएक रोग जडला असून स्वतःच्या घराच्या मोकळ्या हवेत तो आपोआप बरा होईल. मुलगा मासाकी टोकियो विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेच्या तयारीत इतका गढलेला, की झोप उडवण्यासाठी स्वतःच्या देहास इजा करून घेण्यापर्यंत त्याची मजल गेलेली. मुलगी एरिका गायिका व्हावे की व्यावसायिक कुस्तीच्या आखाड्यात उतरावे, या विवंचनेत. आणि आई या सर्वांच्या मधोमध हसतमुखाने वावरणारी. अशात बापाच्या दृष्टीस एक वाळवी पडते. नव्या घरात वाळवी! त्याच सुमारास थोरल्या भावाकडून म्हातारे वडील राहावयास येतात, प्रथम त्यांचे कोडकौतुक होते, मग जागेवरून कुरबुरी सुरू होतात, आणि दोन्ही बाजूंस राजी राखू पाहणारा बाप असा तोडगा काढतो, की बैठकीच्या खोलीची जमीन फोडून खाली वडिलांसाठी तळघर खणावे. तो खणत जातो. खाली वाळवीचे वारूळ लागते, पाण्याचा नळ फुटतो, आणि त्या खड्ड्यात क्रमाक्रमाने नोकरी, अब्रू, झोप, विवेक असे सगळेच जाऊन पडते. अखेरीस तो सहकुटुंब मरण पत्करण्याचा बेत करून कॉफीत विष कालवतो. इतरेजन अर्थातच ती पिण्याचे नाकारतात. आणि मग त्या तीन-चार खोल्यांत पाच जणांचे जे महायुद्ध जुंपते, ते शब्दांत सांगण्यापेक्षा पडद्यावरच पाहावे.

या सर्व प्रकारास हसावयाचे कसे, हा प्रश्न सभ्य प्रेक्षकाच्या मनात उभा राहणे साहजिक आहे, आणि जपानी प्रेक्षकाच्या मनात तर तो अधिकच तीव्रतेने उभा राहिला असला पाहिजे. कर्जात बुडालेल्या किंवा हताश झालेल्या कुटुंबप्रमुखाने बायकामुलांसह जीवनाचा शेवट करणे, यास जपानी भाषेत 'इक्का शिंजू' असे स्वतंत्र नाव आहे, आणि ते नाव वर्तमानपत्रांच्या वाचकांच्या पूर्ण परिचयाचे आहे. त्या नावाभोवती करुणेचे, किंबहुना एका प्रकारच्या आदराचे वलय होते. मुलांना मागे अनाथ ठेवण्यापेक्षा बरोबर नेणे हे मातापित्यांचे अंतिम वात्सल्य होय, अशी समजूत दीर्घकाळ खोलवर वावरत आली होती. इशिईने त्या वलयावर घाव घातला. विषाची कॉफी ओतणारा बाप त्याने यत्किंचितही करुण दाखवला नाही. पाहुण्यांस आग्रह करणाऱ्या यजमानासारखा तो केविलवाणा आणि हास्यास्पद दाखवला, आणि मुलांच्या तोंडी, आम्हांस मरावयाचे नाही, एवढे साधे उत्तर ठेवले. तसेच दुसरे एक ताजे व्रण. १९८० च्या नोव्हेंबरात कावासाकी शहरी, प्रवेशपरीक्षेत दोनदा अपयश आलेल्या वीस वर्षांच्या एका मुलाने आपल्या आईबापांस बेसबॉलच्या धातूच्या बॅटीने ठार मारले होते, आणि त्या घटनेने सारा देश हादरून गेला होता. मासाकीची अभ्यासाची खोली पाहणाऱ्या १९८४ सालच्या प्रेक्षकाला त्या घटनेची आठवण करून देण्याची गरजच नव्हती. ज्या विषयावर संपादकांनी गंभीर अग्रलेख लिहावेत आणि मानसशास्त्रज्ञांनी चिंता व्यक्त करावी, त्यावर या माणसाने प्रहसन रचले, हा त्याचा पहिला अपराध.

परंतु माझ्या मते खरे निषिद्ध याहून निराळे आहे, आणि ते समजण्यासाठी 'घर' या शब्दाची जपानी वंशावळ थोडी चाळावी लागेल. 'काझोकु' या शब्दातले पहिले चित्राक्षर 'इए', म्हणजे घर, आणि त्याची मूळ आकृती छपराखाली डुक्कर अशी आहे. (विद्वानांनी तिचे अनेक अर्थ लावले आहेत, कोबायाशींच्या घरातला शेवटचा तास पाहिल्यावर मला तरी कोणत्याच भाष्याची उणीव भासली नाही.) आपल्याकडे जसे 'घर' म्हटले की भिंतीही आल्या आणि माणसेही आली, तसेच 'इए'चे, फरक इतकाच, की तेथे या शब्दास कायद्याचे पाठबळ मिळाले. १८९८ च्या दिवाणी कायद्याने घराण्याच्या प्रमुखास असे अधिकार बहाल केले, की कोणी कोठे राहावे आणि कोणाशी विवाह करावा, यावरही त्याच्या संमतीची मोहोर लागत असे. घर म्हणजे एक लहानसे संस्थान आणि बाप म्हणजे त्याचा सनदशीर जहागीरदार. युद्धातील पराभवानंतर, १९४७ साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या २४ व्या कलमाने विवाह हा दोन व्यक्तींच्या समान संमतीचा विषय ठरवला, आणि पाठोपाठ ती जुनी जहागीरही खालसा झाली. बाप राहिला, अंमल गेला. त्या रिकाम्या झालेल्या गादीवर पुढल्या तीस वर्षांत जी मूर्ती बसवली गेली, ती 'माय होम' या उसन्या शब्दाने ओळखली जाते: स्वतःच्या नावावरचे, कर्ज काढून घेतलेले, उपनगरातले घर. १९५० साली स्थापन झालेल्या सरकारी गृहकर्ज महामंडळाने कर्जे दिली. १९५५ साली स्थापन झालेल्या गृहनिर्माण महामंडळाने काँक्रीटच्या चाळींच्या रांगा उभ्या करून त्यांत दोन खोल्या आणि जेवणाचे टेबल मावेल एवढे स्वयंपाकघर, असा नवा संसाराचा साचा पाडला. आणि त्या साच्यातून बाहेर पडून स्वतःच्या अंगणात उभे राहणे, हे पगारदार माणसाच्या आयुष्याचे इतिकर्तव्य ठरले. १९७९ साली युरोपातल्या एका सरकारी अहवालाने जपानी घरांस सशांची खुराडी म्हटले, तेव्हा ते वर्मी लागले याचे कारण उघड आहे: हप्ते फेडण्यात तारुण्य सरले होते, आणि जे फेडले ते खुराडे निघाले.

देवळात जाऊन देवाची टवाळी करणाऱ्यास लोक कदाचित क्षमा करतील. पण ज्या वास्तूवर आपण वीस-पंचवीस वर्षांचे श्रम तारण ठेवले आहेत, तिलाच कीड लागली आहे, नव्हे, तीच कीड आहे, असे कोणी भर सभेत म्हटले तर त्यास क्षमा नाही. 'क्रेझी फॅमिली'त वाळवी हे प्रतीक आहे, हे शाळकरी मुलासही कळेल, आणि म्हणून मी त्यावर थांबत नाही. मला अधिक मोलाची वाटते ती बापाच्या भाषेतली मखलाशी. पहिल्यापासून शेवटपर्यंत तो एकच घोष करीत असतो, की मी हे सारे तुमच्यासाठी करतो आहे. तळघर तुमच्यासाठी, विष तुमच्यासाठी. जुन्या कायद्यातल्या कुटुंबप्रमुखाजवळ हुकूम होता, म्हणून त्यास प्रेमाचे प्रदर्शन करावे लागत नसे. या नव्या बापाजवळ हुकूम उरला नाही, म्हणून तो प्रेमालाच हुकमाचे रूप देतो. ही गोष्ट दोन समाजशास्त्रीय ग्रंथांत मिळून सापडणार नाही इतक्या स्वच्छपणे या गोंगाटी प्रहसनात सापडते.

भूमिकांची निवड करताना दिग्दर्शकाने जी खोडी काढली आहे, ती परक्या प्रेक्षकाच्या लक्षात येणे अवघड, म्हणून तिचा खुलासा आवश्यक आहे. बापाची भूमिका कात्सुया कोबायाशी याने केली आहे. तो पेशाने नट नव्हे. अमेरिकी गाणी ऐकवणारा, आकाशवाणी आणि दूरचित्रवाणीवरचा अत्यंत लोकप्रिय निवेदक. पाश्चात्त्य सुखाची जाहिरात ज्या आवाजात घरोघर पोहोचत होती, तोच आवाज इथे विषाच्या कॉफीचा आग्रह करतो. (पटकथेचे मूळ बीज ज्याचे, तो व्यंगचित्रकथाकार योशिनोरी कोबायाशी, पात्रांचे आडनावही कोबायाशी, तेव्हा हे बालंट नेमके कोणत्या कोबायाशीवर ठेवावे, याचा निवाडा वाचकांनी करावा. एवढे सांगतो, की टोकियो विद्यापीठाच्या वेडाची टर उडवणाऱ्या चित्रकथेनेच या लेखकाचे नाव झाले होते, आणि तो व इशिई दोघेही, त्या दुर्दैवी विमानाप्रमाणेच, फुकुओकाचे.) आजोबांच्या भूमिकेत हितोशी उएकी आहे, आणि त्यास पाहताच जपानी प्रेक्षागृहात वेगळीच खसखस पिकली असणार. १९६२ पासून निघालेल्या 'बेजबाबदार' चित्रपटमालेत याच उएकीने कामचुकार, गोडबोल्या, हसतहसत बढत्या मिळवणाऱ्या कारकुनाचे सोंग वठवून चढत्या भरभराटीच्या त्या पिढीला खदखदून हसवले होते. बावीस वर्षांनी तोच बेजबाबदार कारकून म्हातारा होऊन, अंगावर शाही सैन्याचा गणवेश चढवून, नातवंडांच्या घरात आपले जुने युद्ध पुन्हा मांडतो. आईची भूमिका मित्सुको बाइशो हिची. आदल्याच वर्षी कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळवणाऱ्या शोहेई इमामुराच्या 'नारायामा'तही ती होती. त्या चित्रपटातला मुलगा गावच्या रूढीप्रमाणे वृद्ध आईला पाठीवर घेऊन डोंगरावर सोडावयास जातो. इथला मुलगा वृद्ध बापासाठी जमिनीत खड्डा खणतो. डोंगर काय आणि तळघर काय, म्हाताऱ्याला ठेवण्यासाठी जागा शोधावयाची आहे, एवढे खरे.

इशिई हा मूळचा गतीचा आणि गोंगाटाचा माणूस. विद्यार्थिदशेत मोटारसायकलींच्या टोळ्यांवर चित्रपट काढून त्याने नाव मिळवले, १९८२ सालच्या 'बर्स्ट सिटी'त पंक संगीताचे सारे कर्कश सैन्य त्याने पडद्यावर उतरवले, आणि त्याच वर्षी नऊ दिग्दर्शकांनी मिळून काढलेल्या 'डायरेक्टर्स कंपनी'त तो सामील झाला. त्याच्या पाठीशी आर्ट थिएटर गिल्ड ही जुनी, थोड्या पैशांत मोठी धाडसे करू देणारी संस्थाही उभी राहिली. याच संस्थेने आदल्या वर्षी योशिमित्सु मोरिताचा 'फॅमिली गेम' काढला होता, आणि या दोन चित्रपटांची तुलना टाळता येण्यासारखी नाही. मोरिताच्या चित्रपटात आईबाप आणि दोन मुले एका लांबट टेबलाच्या एकाच बाजूस, कोणी कोणाचे तोंड पाहणार नाही अशा रीतीने, ओळीने बसून जेवतात. पार्श्वसंगीत नाही, केवळ चावण्याचे, सुरकण्याचे आवाज. नवराबायकोस खाजगी बोलावयाचे झाले तर खाली उभ्या मोटारीत जाऊन बसावे लागते. ओझूच्या 'टोकियो स्टोरी'तली, १९५३ सालची माणसेही एकमेकांपासून दुरावलेलीच होती, पण त्यांच्या दुराव्यास सभ्यतेची, चटईवर नीट बसण्याची शिस्त होती. मोरिताने ती शिस्त ठेवून आतले मार्दव काढून घेतले, आणि इशिईने शिस्तीसकट टेबलही मोडले. कलाकृती म्हणून मोरिताचा चित्रपट अधिक रेखीव आहे, हे मी मोकळेपणाने कबूल करतो. परंतु मोरिताच्या कुटुंबास बाहेरचा एक शिकवणीचा मास्तर येऊन थप्पड लगावतो; कोबायाशींच्या घरात बाहेरचे कोणी येत नाही, आणि म्हणून तेथे सुटकेचा मार्गही त्यांनाच शोधावा लागतो.

दोष सांगितले नाहीत तर प्रस्तावना भाटगिरी होईल. मधल्या भागात दिग्दर्शकास थांबण्याचे भान राहिलेले नाही. हत्यारांची खणखण इतकी लांबते, की कान बधिर होतात आणि हास्य ओसरते. आजोबा नातीला कैद करतात तो प्रसंग मला अभिरुचीस सोडून वाटला, आणि आता पुन्हा पाहतानाही वाटला. तेथे विनोदाला अर्थाचा आधार सापडत नाही. बायकांच्या मनात काय चालले आहे, याची फारशी पृच्छा लेखकांनी केलेली नाही. पुढे २००१ साली ताकाशी मिइकेने 'व्हिजिटर क्यू'त कुटुंबाविषयीची उरलीसुरली सारी निषिद्धे एकाच दमात मोडून दाखवली. परंतु ज्याला मोडावयास काही शिल्लकच ठेवावयाचे नाही, त्याच्या घावाची धार लवकर बोथट होते, असे माझे मत आहे. आपल्या रंगभूमीचा अनुभवही याहून फार वेगळा नाही. तेंडुलकरांच्या 'गिधाडे'वरून १९७० साली जो गदारोळ झाला, त्यात परिनिरीक्षकांची हरकत साडीवरच्या एका लाल डागावर होती; बापाचा पैसा आणि भावांचा हव्यास यांवर कोणाची हरकत असल्याचे ऐकिवात नाही. डाग दिसतो, वाळवी दिसत नाही.

शेवटाविषयी मात्र थोडे सांगितलेच पाहिजे, कारण त्याचा अर्थ चित्रपट निघाला तेव्हा जो होता तो आता राहिलेला नाही. रात्रभराच्या धुमश्चक्रीनंतर बापास एकाएकी उमगते, की रोग माणसांत नाही, घरात आहे. आणि मग हे पाचही जण मिळून, विलक्षण एकोप्याने, आपले घर आपल्या हातांनी पाडतात. अखेरच्या दृश्यात ते एका उन्नत महामार्गाखाली, भिंती नसलेल्या उघड्या जागेत, सामानसुमान मांडून राहताना दिसतात. १९८४ सालच्या प्रेक्षकास ही मुक्ती वाटली असेल. त्यानंतर थोड्याच काळात जपानात जमिनीच्या किमतींनी असे काही उड्डाण केले, की सामान्य नोकरदाराने टोकियोत घराचे नाव काढणे हीच चेष्टा ठरली. नव्वदीच्या आरंभी तो फुगा फुटला. आणि पुलांखाली, नदीकाठी, बागांतून निळ्या ताडपत्रीच्या झोपड्या टाकून राहणारी माणसे शहरांत दिसू लागली. त्यांतले कित्येक कालपर्यंत पगारदार होते. हे ठाऊक असलेल्या माणसास कोबायाशी कुटुंबाचा तो उघड्यावरचा संसार पाहून पूर्वीइतके मोकळे हसता येत नाही. इशिईला हे भविष्य दिसले होते असा दावा मी करणार नाही. त्याने फक्त भिंती पाडल्या, पुढचे इतिहासाने केले.

दिग्दर्शकाने २०१० पासून गाकुर्यू इशिई असे नाव घेतले आहे, तेव्हा त्याचे अलीकडचे चित्रपट शोधणाऱ्यांनी दोन्ही नावांखाली शोधावेत. 'क्रेझी फॅमिली' १०६ मिनिटांचा आहे आणि तो मध्यंतर न घेता दाखवला जाणार आहे. प्रेक्षकांस माझी विनंती एवढीच, की मधल्या गोंगाटाला कंटाळून कोणी उठून जाऊ नये. आणि ज्यांच्या घराचे हप्ते अद्याप फिटावयाचे आहेत, त्यांनी हा चित्रपट शक्यतो घरच्या सर्व मंडळींसह पाहावा.